वडिलांच्या नावाचा राग

उस्ताद विलायत खाँ यांचे वडील इनायत खाँ नामवंत सतारवादक होते. १९३८ साली ते वारले, तेव्हा विलायत अवघा दहा वर्षांचा होता. आईचे माहेर गवयांचे. त्यामुळे मुलाला गाण्याची ओढ. पण आईने बजावले, की वडिलांची सतार सोडायची नाही. मुलाने ऐकले. मात्र पडद्यावर तार ओढून तो असे सलग सूर काढू लागला, की सतारच गाते आहे असे वाटावे! पुढे त्यांनी एक नवा राग रचला. कानड्याचे प्रकार आधीच पुष्कळ. त्यांत ही भर. त्याचे नाव ठेवले ‘इनायतखानी कानडा’. २००४ साली मुंबईत विलायत खाँ यांचे निधन झाले. कोलकात्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले.