शिरोडकरांचा टाका

आमच्या राहू बेटात उसाचा फड अन् गुऱ्हाळाचं काम बायांच्या पाचवीलाच पुजलेलं. एखादीचा गर्भ पाचव्या महिन्यात गेला, की घरचे लगेच ठरवून टाकतात, ओझं उचललं असेल, नाहीतर पपई खाल्ली असेल. दोष कायम तिचाच! हा दोष खोडून काढणारा एक डॉक्टर आपल्याच मातीत होऊन गेला, हे किती जणींना ठाऊक आहे?

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ मध्ये इंग्लंडहून एफआरसीएस झाले आणि पुढे त्याच कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

बाळंतपणाच्या कळांमागे शरीरातली रसायनं असतात. प्रोजेस्टेरॉन गर्भपिशवीला शांत ठेवतं. दिवस भरले की त्याचा जोर ओसरतो. मग प्रोस्टाग्लँडिन पिशवीचं तोंड मऊ करतं, आणि मेंदूतल्या ग्रंथीतून येणारं ऑक्सिटोसिन पिशवीला आवळायला लावतं.

शिरोडकरांना मात्र वेगळंच दिसलं. काही बायांना कळ न येताच चौथ्या-पाचव्या महिन्यात पिशवीचं तोंड उघडायचं अन् गर्भ निसटायचा. पुन्हा दिवस राहिले तरी पुन्हा तेच. इथे दोष कळांचा नव्हता, तोंडच कमजोर होतं. पोत्याचं तोंड सैल असेल तर ते शिवावंच लागतं ना? त्यांनी त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून पिशवीच्या तोंडाभोवती बांधली. १९५५ मध्ये ही शस्त्रक्रिया त्यांनी जगापुढे मांडली. योगायोग असा, की प्रयोगशाळेत ऑक्सिटोसिन तयार करणाऱ्या अमेरिकेच्या व्हिन्सेंट डू विन्यो यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. एकानं कळा आणणारं रसायन हाती दिलं, दुसऱ्यानं कळांआधीच निसटणारा जीव धरून ठेवला.

शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या नावाचा टाका आजही जगभर शिकवला जातो.

माझ्या माहितीतल्या एका लेकीचे दोन गर्भ असेच गेले. तिसऱ्या खेपेला टाका घातला. तिची मुलगी आता शाळेत जाते.

मैत्रिणींनो, आता सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजता येते. कुणाला प्रोजेस्टेरॉन पुरतं, कुणाला टाका लागतो. ते डॉक्टर ठरवतील. पण आधी असा गर्भ गेला असेल, तर पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत सांगा. लपवू नका. अन् सासूबाईंनो, सुनेला बोल लावण्याआधी तिला दवाखान्यात न्या.