लाकडात झाड पाहणारा माणूस

मोठ्या माणसांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा राजांची, सेनापतींची, समाजसुधारकांची आणि शास्त्रज्ञांची. ज्याने खुर्च्या आणि मेजे घडवण्यात आपले आयुष्य वेचले अशा माणसाच्या चरित्राकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. खुर्ची ती काय, बसायची वस्तू! मोडली तर दुरुस्त करावी, दुरुस्त होत नसेल तर बंबात घालावी, एवढेच आपले तिच्याशी नाते. परंतु एखादी खुर्ची विशिष्ट गावासाठी, विशिष्ट रस्त्यासाठी, नव्हे एखाद्या खोलीतल्या एकाच कोपऱ्यासाठी जन्माला येऊ शकते, हे ज्याने जगाला दाखवले तो माणूस म्हणजे स्कॉटलंडमधील वास्तुशिल्पी चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश.

मी हा विषय निवडला याला कारण आहे. आमच्या घरी सुताराचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आजोबा औते आणि बैलगाड्या करीत. वडील दारे-खिडक्या आणि प्लायवूडची कपाटे करतात. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. शिकले म्हणजे रंधा आणि पटाशी यांच्यापासून सुटका झाली, असे आमच्या आळीत सर्वांनाच वाटते. म्हणून ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात या माणसाने केलेल्या खुर्चीचे पानभर चित्र पाहिले, तेव्हा आमच्याच धंद्यातल्या वस्तूला कुणी एवढा मान दिला याचे मला नवल वाटले आणि मी त्याचा शोध घेऊ लागले.

मॅकिन्टॉशचा जन्म ७ जून १८६८ रोजी ग्लासगो शहरात झाला. वडील पोलीस खात्यात कारकून. घरात एकूण अकरा भावंडे, त्यांत हा चौथा. लहानपणापासून त्याच्या एका पायात दोष होता, त्यामुळे तो किंचित लंगडत चाले. मोकळ्या हवेत हिंडावे असा सल्ला मिळाल्यामुळे हा मुलगा रानोमाळ फिरू लागला. फिरताना फुले, पाने, देठ, झाडांच्या फांद्या यांची चित्रे काढण्याचा त्याला नाद लागला. पुढे त्याने लाकडात जे काही केले त्याचे मूळ या भटकंतीत आहे.

ग्लासगो हे त्या काळी गोदी-कारखान्यांचे शहर होते. क्लाइड नदीच्या काठी जहाजे बांधली जात. हवेत कोळशाचा धूर, आकाशात ढग आणि पाऊस वर्षभर. अशा शहरात वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८४ मध्ये, तो एका वास्तुशिल्पीच्या कचेरीत उमेदवारी करू लागला. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी ग्लासगो स्कूल ऑफ आर्टचे वर्ग असा त्याचा क्रम होता. दिवसा राबून संध्याकाळी शिकणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना निराळे सांगायला नको. १८८९ मध्ये त्याला हनिमन अँड केपी या संस्थेत नोकरी मिळाली. पुढल्याच वर्षी एक शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९१ मध्ये तो इटलीचा प्रवास करून आला.

कलाशाळेतच त्याची गाठ मार्गारेट मॅक्डोनल्ड या चित्रकार मुलीशी पडली. ती, तिची बहीण फ्रान्सिस, मॅकिन्टॉश आणि त्याचा मित्र हर्बर्ट मॅकनेअर असे चौघे मिळून काम करू लागले. त्यांच्या चित्रांतल्या लांबलचक, सडपातळ आकृत्या पाहून लोक त्यांची भुतांची शाळा म्हणून थट्टा करीत. १९०० मध्ये मार्गारेट आणि मॅकिन्टॉश यांचा विवाह झाला. आपल्या कामात निम्म्याहून अधिक वाटा तिचा आहे, असे त्याने उतारवयात तिला पत्रातून कळवले. त्या काळच्या नवऱ्याने असे कबूल करणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता त्याच्या खुर्च्यांकडे वळू. ग्लासगोत दारूचे व्यसन फार होते. लोकांना दारूच्या गुत्त्यांखेरीज बसायला दुसरी जागा मिळावी म्हणून तेथे चहाची उपाहारगृहे निघाली. त्यांत सर्वांत गाजली ती केट क्रॅन्स्टन या बाईंची. तेथे स्त्रियाही एकट्यादुकट्या येऊन निर्धास्तपणे बसू शकत. या क्रॅन्स्टनबाईंनी मॅकिन्टॉशला कामे दिली आणि वीसएक वर्षे त्याच्यावर विश्वास ठेवला.

आर्गाइल स्ट्रीटवरच्या उपाहारगृहासाठी १८९८ च्या सुमारास त्याने जी खुर्ची आखली तिची पाठ जमिनीपासून सुमारे साडेचार फूट उंच होती. वरच्या टोकाला लंबगोल फळी आणि त्या फळीत उडत्या पक्ष्याच्या आकाराचे कोरलेले भोक. पाहणाऱ्याला वाटावे, एवढी उंच पाठ कशाला? बसणाऱ्याचे डोके तर तिथपर्यंत पोचतही नाही. पण विचार केला म्हणजे त्यातली युक्ती कळते. मोठ्या दालनात पुष्कळ मेजे मांडलेली, माणसांची वर्दळ चाललेली. अशा वेळी एका मेजाभोवती चार उंच पाठीच्या खुर्च्या ठेवल्या, की त्या पाठींचाच एक आडोसा तयार होतो. भिंत न बांधता खोलीत खोली उभी राहते. आत बसलेल्या माणसांना आपले बोलणे आपल्यापुरते आहे असे वाटते. ती खुर्ची पाठीला टेका देण्यासाठी होतीच, शिवाय ती जागेला आकार देण्यासाठीही होती.

त्याची सर्वांत सुंदर कल्पना मला सॉचीहॉल स्ट्रीटवरच्या विलो टी रूम्समध्ये दिसते. हे उपाहारगृह १९०३ मध्ये सुरू झाले. सॉचीहॉल या जुन्या नावात तिकडच्या बोलीतला विलो या झाडाचा शब्द दडलेला आहे. कोणे एके काळी तेथे विलोची झाडे असलेले कुरण होते. आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणारे वाळुंज हे याच कुळातले झाड. आपल्याकडेही पिंपळगाव, वडगाव, बाभूळगाव अशी गावे थोडी का आहेत! रोज आपण ती नावे घेतो आणि त्यांतले झाड विसरून जातो. शहर वाढले, झाडे गेली, नाव तेवढे उरले. मॅकिन्टॉशने त्या नावातले झाड पुन्हा शोधून काढले आणि ते आरशांत, काचेत, लोखंडात आणि लाकडात उभे केले.

त्यातल्या जांभळ्या आणि रुपेरी रंगाच्या खास दालनात त्याने रुपेरी रंगाच्या उंच खुर्च्या ठेवल्या आणि त्यांच्या पाठीत जांभळ्या काचेचे चौकोन बसवले. मार्गारेटने त्याच दालनासाठी रोझेटीच्या कवितेवरून एक भित्तिचित्र केले. त्या कवितेतही विलोचे बनच आहे. तळमजल्यावर पुढचे आणि मागचे दालन जेथे मिळते तेथे कामावर देखरेख करणाऱ्या बाईसाठी त्याने १९०४ मध्ये एक निराळी खुर्ची केली. तिची पाठ अर्धगोल, आडव्या-उभ्या काळ्या पट्ट्यांच्या जाळीची. दुरून पाहिले तर त्या जाळीत बुंधा आणि पसरलेल्या फांद्या यांचा आकार दिसतो. बाई खुर्चीवर बसली म्हणजे जणू विलोच्या झाडाखाली बसली! वाढणाऱ्या मुलींकडून मागणी ऐकून ती रंगीत गोळ्या नळीतून खाली सोडी आणि स्वयंपाकघराला निरोप पोचे. म्हणजे ही खुर्ची एकाच वेळी झाड, आडोसा आणि कचेरी होती. ती उचलून दुसऱ्या गावात नेली तर तिचा अर्धा अर्थ मागेच राहील.

घरे बांधतानाही त्याची रीत हीच. हेलेन्सबर्ग येथे वॉल्टर ब्लॅकी या प्रकाशकासाठी त्याने १९०२ ते १९०४ या काळात हिल हाउस बांधले. ब्लॅकी अँड सन हे नाव आपल्याकडे अगदीच परके नाही. या कंपनीची मुंबईतही शाखा होती आणि तिची शालेय पुस्तके हिंदुस्थानात वापरली जात. काम सुरू करण्यापूर्वी मॅकिन्टॉश ब्लॅकींच्या जुन्या घरी गेला आणि हे कुटुंब कसे राहते ते त्याने पाहून घेतले. आधी आतल्या खोल्यांची मांडणी पक्की केली आणि ती मान्य झाल्यावरच घराचे बाहेरचे रूप दाखवले. या घरातल्या पांढऱ्याशुभ्र शयनगृहात त्याने शिडीसारख्या पाठीची काळी खुर्ची ठेवली. पांढऱ्या भिंतीवर काळ्या शाईने रेघ ओढावी तशी ती दिसते. ती बसण्यासाठी कमी आणि पाहण्यासाठी अधिक होती.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मॅकिन्टॉश स्वतः सुतार नव्हता. तो कागदावर आखी, आणि ग्लासगोतले कारागीर त्या वस्तू घडवीत. लाकडाच्या अंगच्या रेषांवर तो सर्रास रंग चढवी. १८९६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात त्याचे काम मांडले गेले तेव्हा हस्तकलेच्या जुन्या पुरस्कर्त्यांना ते रुचले नाही. त्याच्या उंच पाठीच्या काही खुर्च्यांचे सांधे वापरात कच्चे ठरले. आर्गाइल स्ट्रीटच्या खुर्चीचे चित्र मी वडिलांना दाखवले, तेव्हा त्यांनी पक्ष्याकडे पाहिलेही नाही. पाठीचे उभे दांडे बैठकीला मिळतात तेथे बोट ठेवून, इथे ही हलणार, एवढेच ते म्हणाले. जी गोष्ट पुस्तकात दोन पानांनंतर आली होती ती त्यांनी एका नजरेत ओळखली. त्या क्षणापासून माझ्या मनात एक प्रश्न घर करून आहे. कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचे, हे असेच चालायचे काय? आखणाऱ्याला सांधा ठाऊक नाही आणि सांधणाऱ्याला आखण्याची संधी नाही. त्या खुर्च्या घडवणाऱ्या बहुतेक हातांची नावे आज सामान्य वाचकाला ठाऊक नाहीत.

माझा धाकटा भाऊ दहावीत आहे. त्याचा हात चांगला आहे. पण त्याने हत्यार हाती धरू नये, असे आईला वाटते. वडील यावर काही बोलत नाहीत. शिक्षण आणि हत्यार यांतले एकच निवडावे लागते, अशी आपल्या समाजाची समजूत होऊन बसली आहे. मॅकिन्टॉशच्या आयुष्यावरून ती समजूत चुकीची आहे हे दिसते आणि तिची किंमतही दिसते.

युरोपात त्याचा लौकिक झाला. १९०० मध्ये व्हिएन्नाच्या आणि १९०२ मध्ये इटलीतल्या तुरिनच्या प्रदर्शनात त्याचे आणि मार्गारेटचे काम वाखाणले गेले. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत, जी त्याची सर्वश्रेष्ठ कृती समजली जाते, ती १८९७ ते १९०९ या काळात दोन टप्प्यांत पुरी झाली. जेथे तो संध्याकाळी शिकला त्याच संस्थेचे घर त्याने बांधले! पण पुढे स्वतःच्या गावात त्याला कामे मिळेनाशी झाली. दारूपासून लोकांना दूर ठेवणारी उपाहारगृहे सजवणारा हा माणूस स्वतःच मद्याच्या आहारी गेला. १९१३ मध्ये भागीदारी तुटली आणि १९१४ मध्ये त्याने ग्लासगो सोडले.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील वॉल्बर्सविक या खेड्यात तो फुलांची चित्रे काढीत राहिला. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. परक्या बोलीचा हा माणूस संध्याकाळी समुद्रकाठी एकटा हिंडतो आणि त्याच्याजवळ जर्मन भाषेतली पत्रे आहेत, एवढ्यावरून लोकांनी त्याच्यावर हेरगिरीचा संशय घेतला. १९१५ मध्ये त्याला ते गाव सोडावे लागले. लंडनमध्ये असताना नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या गृहस्थाचे एक लहानसे घर त्याने नव्याने सजवले. त्यातले काही फर्निचर आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध केलेल्या जर्मन लोकांनी घडवले. शत्रू ठरवलेल्यांचे हात आणि हेर ठरवलेल्याची कल्पना, असा हा योग होता.

१९२३ मध्ये तो पत्नीसह दक्षिण फ्रान्समध्ये गेला आणि वास्तुकला सोडून जलरंगांत रमला. तेथे त्याला जिभेचा कर्करोग झाला. १० डिसेंबर १९२८ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. मार्गारेट १९३३ मध्ये वारली. दोघांच्या मागे राहिलेल्या चित्रांची आणि वस्तूंची किंमत झाली अवघी ८८ पौंड! पुढे त्याच्या एकेका मेजाला लिलावात लाखो पौंड मोजले गेले. पण ते पाहायला तो कुठे होता?

काळाने त्याच्या वास्तूंनाही सोडले नाही. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कलाशाळेला आग लागली आणि लाकडाचे ते अप्रतिम ग्रंथालय नाहीसे झाले. हिल हाउसच्या भिंतींत पावसाचे पाणी मुरल्यामुळे २०१९ मध्ये त्या घरावर लोखंडी जाळीचे भले मोठे आवरण घालावे लागले. विलो टी रूम्स मात्र दुरुस्त होऊन २०१८ मध्ये पुन्हा उघडली.

वाचकहो, आज कुठल्याही गावात जा, दुकानात तोच पलंग, तीच कपाटे आणि त्याच खुर्च्या दिसतात. कोकणातल्या दमट घरात आणि मराठवाड्यातल्या उन्हात वस्तू एकच! जागा काय सांगते, गावाचे नाव काय सांगते, माणूस त्या घरात कसा बसतो-उठतो, हे विचारायला कुणाला सवड नाही. मॅकिन्टॉशने ते विचारले. त्याच्या खुर्च्यांचे सांधे कच्चे असतील, पण त्याचा प्रश्न पक्का होता. हा प्रश्न विचारायला जसे शिक्षण लागते, तसेच उत्तर घडवायला हातही लागतात. ही दोन्ही एकाच माणसात यायची असतील, तर ती पिढीजात हत्यारे असलेल्या घरांतून शिकायला येणाऱ्या मुलामुलींतच प्रथम येतील, असे मला वाटते. ती हत्यारे टाकून देण्याआधी आपण एवढा विचार जरूर करावा.

— द्वितीय वर्ष, कला