छत्रीचे तोंड कुठे? विक्रम साराभाईंची गोष्ट

मृगाच्या आधी वादळी वारे सुटले की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे गच्चीवर एक दृश्य हमखास दिसते. एक जण पाना घेऊन छत्रीपाशी उभा, दुसरा खाली टीव्हीसमोर आणि जिन्यातला पोरगा वरचा निरोप खाली, खालचा वर पोचवतो. छत्री बोटभर सरकली तरी चित्र जाते. एक सेवा सोडून दुसरी घ्यायची असेल, तर छत्रीचे तोंडच फिरवावे लागते. आकाशातल्या त्या न दिसणाऱ्या ठिकाणाकडे खेड्यांनी पाहावे, हा विचार आपल्या देशात ज्यांनी नेटाने मांडला, त्या विक्रम साराभाईंच्या स्वतःच्या घरी मात्र कशाचीच कमतरता नव्हती.

त्यांचा जन्म 12 ऑगस्ट 1919 रोजी अहमदाबादच्या गिरणीमालक कुटुंबात झाला. वडील अंबालाल उद्योगपती, आई सरलादेवी. महात्मा गांधींशी घराचा निकटचा संबंध होता आणि बहीण मृदुला स्वातंत्र्यलढ्यात होत्या. विक्रम केंब्रिजला शिकले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर मायदेशी परतून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे वैश्विक किरणांवर काम करू लागले. 1942 मध्ये नृत्यांगना मृणालिनी स्वामीनाथन यांच्याशी विवाह झाला. युद्धानंतर केंब्रिजला जाऊन त्यांनी 1947 मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. तेव्हा त्यांचे वय होते 28.

पुढची चोवीस वर्षे त्यांनी संस्था उभारण्यात घालवली. कापड उद्योगासाठी संशोधन संस्था, अहमदाबादचे व्यवस्थापन शिक्षणाचे केंद्र आणि मग अवकाश. केरळमधल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावावरून पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त जाते, म्हणून ती जागा निवडली गेली. गावकऱ्यांनी चर्च आणि जमीन दिली. चर्चमध्ये कार्यालय बसले, सुटे भाग सायकलवरून गेले आणि 21 नोव्हेंबर 1963 रोजी पहिले अग्निबाण उडाले. जानेवारी 1966 मध्ये होमी भाभा विमान अपघातात गेल्यावर अणुऊर्जा आयोगाची धुराही साराभाईंकडे आली. 15 ऑगस्ट 1969 रोजी इस्रोची स्थापना झाली.

गरीब देशाला हे सारे परवडते का, असा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता. साराभाईंचा हिशेब वेगळा होता. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून टीव्ही दाखवायचा तर त्याच्या लहरी काही दहा किलोमीटर जाऊन संपतात. मुंबई, पुण्यासारख्या शहरांना आधी टीव्ही मिळेल आणि मराठवाड्याच्या खेड्याचा नंबर कित्येक वर्षांनी लागेल. उलट विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो आणि जमिनीवरून एका जागी स्थिर भासतो. तिथून शहर आणि वाडी यांच्यात फरक राहत नाही. शेती, आरोग्य आणि शाळा यांसाठी टीव्ही आधी खेड्यात जावा, असा त्यांचा आग्रह होता.

त्यासाठी सप्टेंबर 1969 मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला. नासाचा उपग्रह वर्षभरासाठी भारताला मिळणार आणि कार्यक्रम, भूकेंद्रे व गावातले संच भारताने उभे करायचे, असे ठरले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे सुमारे 30 मीटर व्यासाचा अँटेना भारतीय अभियंत्यांनीच उभारावा, यासाठीही साराभाईंनी जोर लावला. पण हे पाहायला ते उरले नाहीत. 30 डिसेंबर 1971 रोजी कोवळम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे 52. आर्वीच्या केंद्राला नंतर विक्रम हे नाव मिळाले.

त्यांचा प्रयोग मात्र 1 ऑगस्ट 1975 रोजी सुरू झाला. सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत सार्वजनिक जागी संच बसले. प्रत्येकावर दहा फूट व्यासाची छत्री होती. खुराड्याला लावतात तशा जाळीची, म्हणजे स्वस्त आणि वाऱ्याला वाट देणारी. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे कार्यक्रम लागत. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्याचा तालुका होता. प्रयोगातली काही गावे गुलबर्ग्याकडची होती.

तो उपग्रह 35 अंश पूर्व रेखांशावर, आफ्रिकेच्या वर होता. हिंगोलीत तेव्हा छत्री असती, तर तिचे तोंड पश्चिमेकडे, किंचित नैर्ऋत्येला आणि क्षितिजापासून सुमारे 37 अंश वर ठेवावे लागले असते. 31 जुलै 1976 रोजी प्रयोग संपला, उपग्रह अमेरिकेकडे परत नेण्यात आला आणि पडदे काळे झाले. उसन्या उपग्रहावर कायमचे काम चालत नाही, हा धडा मिळाला. 1982 मध्ये पाठवलेला इन्सॅट-1ए काही महिन्यांतच बंद पडला. ऑगस्ट 1983 मध्ये गेलेला इन्सॅट-1बी 74 अंशांवर स्थिरावला आणि भारतीय छत्र्यांचे तोंड जवळजवळ दक्षिणेकडे, हिंगोलीच्या हिशेबाने 67 अंश उंच झाले. वाट पाहणाऱ्या खेड्याला पुन्हा चित्र दिसू लागले, पण साराभाईंच्या मृत्यूला तेव्हा बारा वर्षे होत आली होती.

आज डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंशांवर आहे. हिंगोलीतून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास 139 अंशांवर आणि 60 अंश उंच येतो. 83 अंशांवरच्या उपग्रहाकडे वळायचे असेल, तर छत्री दक्षिणेकडे सुमारे 24 अंश फिरवून पाच-सहा अंश वर करावी लागते. समोरचा एलएनबीही जागच्या जागी वीसेक अंश फिरवावा लागतो, कारण लहरींचा आडवा-उभा कल बदलतो. घरगुती छत्री तिरकी घडवलेली असते. ती दिसते त्यापेक्षा वर पाहत असते, म्हणून उंचीचा अंदाज डोळ्याने न घेता मागच्या पट्टीवरच्या खुणेवरून घ्यावा. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची असते. त्यामुळे हळूहळू, थांबत थांबत फिरवावे आणि पडद्यावर सिग्नलच्या ताकदीपेक्षा गुणवत्तेचा आकडा पाहावा. नट शेवटी आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.

आणि हे काम ओल्या पत्र्यावर, विजा चमकत असताना किंवा वीजवाहिनीच्या जवळ करू नये. चित्र एक दिवस उशिरा आले तरी चालते, गच्चीवरून घसरलेला माणूस मात्र सहज उभा राहत नाही.

आता शेताच्या आखाड्यावरही छत्री दिसते. तिच्यावर शेतीपेक्षा मालिका जास्त पाहिल्या जातात, हे खरे आहे. पण हवामानाचा इशारा किंवा लसीकरणाची माहिती मुंबईला आणि औंढा नागनाथच्या वाडीला एकाच क्षणी पोचते. साराभाईंनी मागितले होते ते एवढेच.