लक्ष्मणरावांची वाडी

मार्च महिना आला की गुरुग्रामच्या आमच्या कार्यालयात सीएसआर विभागाची धावपळ सुरू होते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, त्याचा हिशेब जुळवायचा असतो. तेव्हा मला हटकून लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. स्मरणिकेसाठी त्यांच्याविषयीच लिहावे असे वाटले.

जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवत. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. माल चांगला असून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या मनातली भीतीही काढावी लागते, हे त्यांना तिथे कळले असावे.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. मालकाने वस्तीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्यांना रखवालीला ठेवले. आमच्या एचआरवाल्यांना हे सांगितले तर ते घाबरतील! पण माळावर कामगार टिकायचा तर त्याला घर, शाळा आणि मान द्यावाच लागणार होता. लक्ष्मणरावांच्या सुधारकी मताची आणि धंद्याच्या गरजेची अशी सांगड बसली.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे थांबले आणि मागणी वाढली, पण लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा विकत घेऊन वितळवल्या. इथेही राजदरबारचा स्नेह कामी आला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकररावांनी कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ काढली. तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ त्याच घरातली. नांगराची जाहिरात आणि समाजसुधारणेचे लेख एकाच टपालाने घरोघर गेले.

मात्र या सगळ्याने संरक्षण मिळतेच असे नाही. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत ब्राह्मणांची घरे जळत होती, त्यात किर्लोस्करवाडीवरही हल्ला आणि जाळपोळ झाली. जातिभेद मोडणाऱ्या माणसाचा कारखाना जातीवरूनच लक्ष्य झाला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. कारखाना पुन्हा चालू झाला. १९५६ साली ते गेले. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर आज किर्लोस्करवाडी असे नाव आहे.