विष्णुशास्त्री चिपळूणकर : स्वदेशाभिमानाची घडण आणि तिची मर्यादा

अव्वल इंग्रजी कालखंडाची समाप्ती आणि आधुनिक मराठी गद्याचा आरंभ यांच्या सीमारेषेवर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे नाव वाङ्मयेतिहासकारांनी रूढ केले आहे. त्यांच्या भाषाशैलीची चर्चा विपुल झाली. परंतु पराजित झालेल्या देशातील माणसाने आपल्या देशाचा अभिमान बाळगावा काय, आणि बाळगावयाचा तर कशाच्या आधारावर, या प्रश्नाशी त्यांचे अल्प आयुष्य किती घट्ट बांधले गेले होते, हे पाहिल्याखेरीज त्या शैलीतील आवेशाचाही नीट उलगडा होत नाही.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’मधून १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झाली होती. स्वजनांचे अज्ञान व आळस हेच पारतंत्र्याचे मूळ असून इंग्रजांचे राज्य ही ईश्वरानेच केलेली शिकवणुकीची सोय आहे, असे प्रतिपादन करणाऱ्या त्या पत्रांच्या छायेत पुढची पिढी शाळेत गेली. विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री हे संस्कृतचे पंडित, सरकारी शिक्षणखात्यातील मान्यवर आणि भाषांतरकुशल लेखक. त्यामुळे संस्कृत काव्य आणि इंग्रजी गद्य ही दोन्ही घरातच उपलब्ध होती. वडिलांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर मुलाने पुरे केले. १८७२ मध्ये डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि सरकारी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले.

वडिलांच्या बरोबरीने ते ‘शालापत्रक’ चालवीत होते. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावरील त्यांचे निबंध याच मासिकात आले. १८७५ मध्ये ते बंद पडले. मिशनऱ्यांवरील व सरकारी धोरणावरील टीका हे त्याचे कारण मानले जाते. तत्पूर्वीच, जानेवारी १८७४ मध्ये, ‘निबंधमाला’ सुरू झाली होती. एकट्याच्या लेखणीवर मुख्यतः चाललेल्या या मासिकाचे एकूण ८४ अंक निघाले.

मालाकारांच्या अभिमानाचा आरंभ देशापासून नव्हे, भाषेपासून झाला, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीविषयी होता. विद्वानांनी इंग्रजीत लिहावे आणि मराठी पोरांसाठी व बायकांसाठी ठेवावी, या समजुतीला त्यांनी दिलेले खरे उत्तर युक्तिवादाचे नव्हतेच; ते त्यांच्या गद्यानेच दिले. ‘इतिहास’ या निबंधात त्यांनी परकीयांनी लिहिलेल्या हिंदुस्थानच्या इतिहासाची विश्वसनीयता तपासली. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या ग्रंथावर १८६८ मध्ये टीका केली होतीच. मालाकारांनी त्या शंकेला व्यापक रूप दिले. जेत्याने लिहिलेले आपले चरित्र जित मुकाट्याने पाठ करतो, तेव्हा त्याच्या कर्तृत्वशक्तीवरच घाला पडतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. येथे अभिमान हा भावनेचा उमाळा राहत नाही, तो पुरावे मागू लागतो. १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सुरू केलेला ‘काव्येतिहाससंग्रह’ ही या मागणीचीच परिणती होय. जुन्या बखरी, पत्रे आणि काव्ये छापून निघू लागली. त्याच वर्षीच्या चित्रशाळेने देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची चित्रे घरोघर पोचविली.

या अभिमानाची हत्यारे मात्र बव्हंशी इंग्रजी होती. जॉन्सन आणि मेकॉले हे त्यांचे आदर्श; निबंध हा प्रकारही तिकडचाच. स्वदेशाभिमानी मालाकार इंग्रजी विद्येचे कट्टर पुरस्कर्ते होते, यात विसंगती पाहणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. परक्याचे ज्ञान घेणे आणि परक्याने केलेला आपला न्यायनिवाडा स्वीकारणे यांत त्यांनी भेद केला होता. ‘लोकभ्रम’मध्ये त्यांनी स्वकीयांच्या खोट्या समजुतींचीही चिकित्सा केली आहे.

मर्यादा दिसते ती अन्यत्र. महात्मा फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. मालाकारांनी फुल्यांच्या लेखनाचा व समाजाच्या अहवालाचा परामर्श घेतला तो उपहासाने. व्याकरणाच्या चुका दाखविण्यात त्यांची लेखणी रमली. शेतकऱ्याच्या व अतिशूद्राच्या दुःखाचा मूळ प्रश्न बाजूस पडला. मराठीच्या अभिमान्याने मराठी बोलणाऱ्या बहुसंख्यांच्या भाषेला अशुद्ध ठरवावे, ही घटना केवळ वाङ्मयीन वादाची नाही. ज्या देशाचा अभिमान धरावयाचा त्या देशात कोण कोण मोडते, हा फुल्यांचा सवाल होता, आणि निबंधमालेत त्याला उत्तर नाही. लोकहितवादींवरील निबंधातही प्रतिपक्षाच्या आत्मपरीक्षणाचे मोल त्यांना नीटसे उमगले नाही, असेच म्हणावे लागते.

‘आमच्या देशाची स्थिति’ हा त्यांचा अखेरचा मोठा निबंध. देशाची प्रकृती मुळात निरोगी आहे, स्वातंत्र्यनाश हाच खरा रोग, अशी त्याची धारणा. मराठीत ‘आपल्या’ आणि ‘आमच्या’ यांत फरक आहे. दुसऱ्या शब्दात ऐकणारा वगळला जातो. एकोणिसाव्या शतकातील निबंधकार स्वतःसाठीही ‘आम्ही’ वापरीत, म्हणून शीर्षकावर फार भार टाकू नये. तरी निबंध वाचताना हा फरक मनातून जात नाही. ब्रिटिश सरकारने हा निबंध पुढे जप्त केला. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात, १९३७ मध्ये, त्यावरील बंदी उठली.

सरकारी नोकरीत रत्नागिरीला बदली झालेल्या विष्णुशास्त्र्यांनी १८७९ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी १८८० मध्ये टिळक व नामजोशी यांच्या साहाय्याने न्यू इंग्लिश स्कूल उघडले. पुढे आगरकर येऊन मिळाले आणि जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. पोटापाण्याचा निश्चित आधार सोडून खाजगी शाळा चालविणे हे त्या काळी साहसच होते. याच सहकाऱ्यांपैकी आगरकरांनी नंतर देशाच्या अभिमानापेक्षा समाजाच्या दोषांची झडती अधिक निकडीची मानली आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. ते पाहावयास विष्णुशास्त्री नव्हते. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर सापडले. त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन रामशेठ उरवणे यांनी दिला, तो जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून. १०१ दिवसांची डोंगरीची कैद भोगून ऑक्टोबरमध्ये दोघे सुटले, तेव्हा त्यांच्या सत्कारात सत्यशोधक मंडळीही होती.