धनंजयराव गाडगीळ : केंब्रिजचं शिक्षण प्रवरेच्या बांधावर आणणारे अर्थतज्ज्ञ

पीककर्जाची बातमी आली की 'जिल्ह्याची अग्रणी बँक' हे शब्द हमखास येतात. एका जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेवर, ही योजना डिसेंबर १९६९ मध्ये सुरू झाली. तिची शिफारस करणाऱ्या अभ्यासगटाचे अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला त्यांचा जन्म झाला. शाळा नागपुरात झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला केंब्रिजला गेले. तिथे पदव्युत्तर प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो आपल्याच देशाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला आलेली तेजी, रेल्वेमुळे बदललेली पिकं, गावच्या कारागिरांचे बुडालेले धंदे, दुष्काळ, वाढलेली शहरं, हे सगळं त्यात आलं. १९२४ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि कॉलेजांत ते पुढे कित्येक वर्षं शिकवलं गेलं.

कुठलं पीक, कुठला धंदा कुठे वाढतो आणि का, याच्या अभ्यासाला आर्थिक भूगोल म्हणतात. गाडगीळ अर्थशास्त्राचे, पण आयुष्यभर त्यांनी हाच प्रश्न धरून ठेवला.

काही वर्षं सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य राहून ते पुण्यात आले. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. इथे शिक्षण वर्गातच संपत नव्हतं. पुण्याच्या बाजारात फळं कशी विकली जातात, वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याचा जमाखर्च काय, अशा पाहण्या संस्थेनं केल्या. मोजायचं आधी आणि बोलायचं नंतर, ही तिथली शिस्त.

अशीच एक पाहणी नगर जिल्ह्यातल्या गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची. पाटपाण्याचा फायदा नेमका कोणाकोणाला होतो, हा तिचा विषय. पाणीपट्टी किती जमली एवढ्यावर कालव्याचा हिशेब संपत नाही, मजुराला मिळालेलं काम आणि बाजारपेठेत वाढलेला धंदाही त्यात धरावा लागतो, असं तिनं दाखवलं. हा अहवाल १९४८ मध्ये छापला गेला.

कालव्याखाली ऊस आला तसे खासगी कारखानेही आले होते. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. 'खंडकरी' म्हणतात ते याच शेतकऱ्यांना. पाणी इथलं, जमीन इथली, पण कारखान्याचा नफा कंपनीचा.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शाळा जेमतेम शिकलेले. शेतकऱ्यांचाच कारखाना काढायचा म्हणून ते गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करत होते. त्यांना गाडगीळांची साथ मिळाली. त्या वेळच्या मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांनीही पाठबळ दिलं. जोखीम मोठी होती. कारखाना बुडाला असता तर लोकांचे पैसे बुडालेच असते, शिवाय शेतकऱ्यांना कारखाना चालवता येत नाही हा शिक्काही बसला असता. एवढं माहीत असूनही गाडगीळांनी अध्यक्षपद घेतलं आणि विखे पाटील उपाध्यक्ष झाले. १९५०च्या अखेरीस गाळप सुरू झालं. पुढे राज्यभर याच वाटेनं सहकारी कारखाने उभे राहिले.

१९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचा ठरावीक नियम तोवर नव्हता. तो १९६९ मध्ये आला : ६० टक्के वाटा लोकसंख्येवर, उरलेला दरडोई उत्पन्न, करवसुली, मोठे पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणींवर, प्रत्येकी १० टक्के. 'गाडगीळ सूत्र' म्हणतात ते हेच.

३ मे १९७१ रोजी ते गेले. कालव्याचं पाणी असो, बँकेचं कर्ज असो की दिल्लीचा पैसा, तो कुठं पोचतो आणि कुठं पोचत नाही हे मोजायची सवय त्यांनी लावली. टेलच्या शेतकऱ्याला हा प्रश्न आजही विचारावा लागतो.