ताइची ओनो

ताइची ओनो (२९ फेब्रुवारी, १९१२ – २८ मे, १९९०) हे जपानी अभियंते होते. टोयोटा उत्पादन पद्धतीचे ते प्रमुख शिल्पकार मानले जातात.

जीवन

ओनो यांचा जन्म तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या, चीनमधील दालियान येथे झाला. नागोया येथे तांत्रिक शिक्षण घेऊन ते १९३२ मध्ये टोयोडा समूहाच्या कापड उद्योगात रुजू झाले. १९४३ मध्ये त्यांची टोयोटा मोटर कंपनीत बदली झाली.

१९४९-५० मध्ये मंदीमुळे मोटारींचा खप घटला आणि कंपनी कर्जात बुडाली. कामगारकपात व संप यांनंतर संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडले. मागणीपेक्षा अधिक उत्पादन हा सर्वांत मोठा अपव्यय होय, अशी ओनो यांची धारणा होती.

कार्य

प्रचलित पद्धतीत प्रत्येक विभाग आपला माल पुढे ढकलत असे. त्यामुळे अर्धवट मालाचे ढीग साचत. ओनो यांनी हा क्रम उलटा केला. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये ग्राहक हवे तेवढेच उचलतो व रिकामी झालेली जागाच पुन्हा भरली जाते. त्याच धर्तीवर पुढच्या विभागाने मागच्या विभागाकडून गरजेपुरते सुटे भाग न्यावेत आणि मागच्याने तेवढेच पुन्हा बनवावेत, असा नियम त्यांनी घातला. ही मागणी 'कानबान' या कार्डाद्वारे कळवली जाई. कार्डांची संख्या मर्यादित असल्याने साठाही मर्यादित राही.

लहान तुकड्यांत काम केल्यास सदोष भाग लवकर उघडकीस येतो आणि पुढील काम खोळंबत नाही. मात्र त्यासाठी यंत्रावरील साचे झटपट बदलावे लागतात. शिगेओ शिंगो यांच्या साहाय्याने टोयोटाने हा वेळ काही तासांवरून काही मिनिटांवर आणला.

एका कामगाराने अनेक यंत्रे सांभाळण्याच्या पद्धतीला प्रारंभी विरोध झाला. कानबान संपूर्ण कंपनीत लागू होण्यास १९६० चे दशक उजाडले. १९७३ च्या तेलसंकटानंतर इतर उद्योगांचेही तिच्याकडे लक्ष गेले.

उत्तरकाळ व प्रभाव

ओनो १९७५ मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष झाले. १९७८ मध्ये त्यांनी या पद्धतीवरील पुस्तक प्रसिद्ध केले. भारतात किर्लोस्कर समूहाच्या भागीदारीत १९९७ मध्ये स्थापन झालेल्या टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीच्या बेंगळुरूजवळील बिदडी येथील कारखान्यात ही पद्धत वापरली जाते.